घरातला गालिचा: आधी धूळ, मग डाग, सगळ्यात शेवटी पाणी

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: घरात दोन गालिचे आहेत. एक श्रीनगरहून आणलेला लोकरीचा, हॉलमध्ये सोफ्यापुढे अंथरलेला. दुसरा बेडरूममधला, इथल्याच दुकानातून घेतलेला, मऊ, चमकदार आणि पाठीला कापड चिकटवलेला. पावसाळ्यात दोन्हींना कुबट वास येतो. काश्मिरी गालिच्यावर लेकाने हळदीचं दूध सांडलं, ते साबणाने पुसलं तर पिवळा डाग लालसर झाला. सोफा-कार्पेट साफ करणारे म्हणतात, दरवर्षी दोन्हींना शाम्पू करून घ्या. घ्यावा का, आणि एरवी घरी काय करावं?

ताई, शाम्पूवाल्यांना तूर्त थांबवा. गालिचे धुणं आणि दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गालिच्यांत नुसत्या वापराने झिजलेले फार थोडे असतात. बाकीचे एकतर आत साचलेल्या वाळूने कापले गेलेले असतात, नाहीतर ओले होऊन वेळेत न सुकल्याने कुजलेले. सुकी धूळ वेळच्या वेळी काढायची आणि पाणी जपून वापरायचं, एवढं सांभाळलं तर चांगला गाठीचा गालिचा पुढच्या पिढीलाही वापरता येतो.

पण त्याआधी आपल्या घरात नक्की काय आहे ते पाहा, कारण तुमचे दोन गालिचे अगदी वेगळ्या जातीचे आहेत.

कोपरा उलटा करून पाठ बघा. गाठीचा गालिचा असेल तर पुढची नक्षी पाठीवरही तशीच दिसते आणि गाठींचे बारीक दाणे बोटाला लागतात. काश्मिरी दुकानदार ‘अठरा बाय अठरा’ म्हणतात ते या गाठींबद्दलच: इंचभर रुंदीत १८, इंचभर उंचीत १८, म्हणजे एका चौरस इंचात ३२४ गाठी. अशा गालिच्याची झालर शोभेसाठी नंतर शिवलेली नसते. गालिच्याच्या ताण्याचीच, म्हणजे उभ्या धाग्यांचीच, ती टोकं असतात. झालर तुटत तुटत काठापर्यंत आली की शेवटच्या ओळीतल्या गाठी सुटायला लागतात, म्हणून झालरीला जपायचं.

पाठीला कापड चिकटवलेला असेल तो टफ्टेड. यात गाठ नसते. हातात धरायच्या यंत्राने धागा ताणून बसवलेल्या कापडात रोवतात, मागून लेटेक्सचा थर देतात आणि तो झाकायला दुसरं कापड लावतात. धागे जागेवर राहतात ते केवळ त्या लेटेक्समुळे. काही वर्षांनी लेटेक्स वाळतं आणि त्याची पूड होते. गालिचा उचलल्यावर फरशीवर पिवळट भुकटी दिसते ती बहुतेक वेळा हीच, आणि रबरासारखा उग्र वास येतो तोही याचाच. हा वास धुऊन जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्यावर पैसे खर्च होणार नाहीत.

पाठ पाहून बांधणी कळते. धागा कशाचा आहे ते कळायला मात्र एक धागा उपटून जाळावा लागतो. चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरडला जातो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकचा धागा, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं आणि हलकी राख उरते. तुम्ही लिहिलेल्या चमकेवरून बेडरूममधला गालिचा व्हिस्कोसचा असावा असा माझा कयास आहे. दुकानात हे ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी मिळतं, पण ते रेशीम नव्हे. लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून काढलेला धागा तो. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, सुकताना तो पिवळा पडतो आणि मऊ लव ताठ, चिकटल्यासारखी होते. व्हिस्कोसवर पाणी आणि गरगर फिरणारा ब्रश एकत्र आले की झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. शाम्पूवाल्यांना थांबवा म्हटलं ते मुख्यतः यासाठी.

आता धुळीबद्दल, कारण खरं काम इथेच आहे.

वाळूचा कण जड असतो, तो वर राहत नाही. चालण्याच्या दाबाने तो धाग्यांच्या बुडाशी जाऊन बसतो. मग दर पावलागणिक धागा त्या धारदार कणावर घासतो आणि मुळापाशी कापला जातो. सोफ्यापुढचा, दारापाशी येणारा भाग विरळ होतो तो असा. वरून गालिचा स्वच्छच दिसत असतो. आजूबाजूला बांधकाम चालू असेल, आणि ठाण्यात ते कुठे ना कुठे असतंच, तर ही वाळू रोज घरात येते.

हॉलमधल्या गालिच्यावर आठवड्यातून दोनदा आणि बेडरूममधल्यावर एकदा व्हॅक्यूम फिरवा. तळव्याने लव कुरवाळून बघा: एका दिशेला हात सुळकन जातो, उलट दिशेला अडतो. जिकडे सुळकन जातो त्या दिशेने मशीन सावकाश ओढायचं. एका जागेवरून भरभर दहा वेळा नेण्यापेक्षा हळू दोनदा नेलं तर जास्त माती निघते. तोंडाला फिरता ब्रश असेल तर तो बंद ठेवा. गाठीच्या आणि व्हिस्कोसच्या गालिच्याला तो लव उपटून काढतो. झालरीवर मशीन न्यायचंच नाही, ती हाताने सारखी करायची. रोबोट व्हॅक्यूम असेल तर झालर आधी गालिच्याखाली दुमडून ठेवा, नाहीतर तो ती गुंडाळून ओढतो.

दर दोन-तीन महिन्यांनी आणखी एक काम करायचं. हे फारसं कुणी सांगत नाही, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं तेच आहे. फरशी स्वच्छ पुसून कोरडी करा आणि काश्मिरी गालिचा तिच्यावर पालथा घाला. मग पाठीवरून व्हॅक्यूम फिरवा, किंवा झाडूच्या दांड्याने हलके हलके ठोके द्या. पंधरा मिनिटांनी गालिचा उचलून बाजूला केलात की फरशीवर राखाडी, बारीक वाळू पसरलेली दिसेल. चिमटीत घेऊन चोळा, खरखरीत लागते. वरून कितीही मशीन फिरवलं तरी ही वाळू निघालेली नसते. झाडून घ्या, परत पालथा घाला, परत ठोके द्या. वाळू पडायची थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. पहिल्यांदा कराल तेव्हा तीन-चार फेऱ्या लागतील.

गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवण्याची जुनी पद्धत मात्र नको. सगळं वजन कठड्याच्या धारेवर येतं, ताणा तुटतो आणि मधोमध कायमची रेघ पडते. टफ्टेडला तर कुठल्याही प्रकारे बडवू नका, लेटेक्सचा थर सुटतो. त्याला फक्त वरून, मऊ तोंडाने व्हॅक्यूम.

आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात, त्यामुळे निम्मं काम आपोआप होतं. पण अनवाणी पायांचंही तेल असतं, आणि डोक्याला तेल चोपडून गालिच्यावर लोळणाऱ्या मुलांचं तर असतंच. तेलावर धूळ चिकटते आणि ती व्हॅक्यूमला दाद देत नाही. पावसातून आल्यावर पाय धुऊन थेट गालिच्यावर येण्याची सवय घरात असेल तर मध्ये सुती पायपुसणं ठेवा. सहा महिन्यांनी गालिचा टोकाला टोक बदलून फिरवून घाला, म्हणजे ऊन आणि वर्दळ दोन्ही सगळीकडे सारखी वाटली जाते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर दुपारी पडदा ओढा. विटलेला रंग परत आणता येत नाही.

खायचा सोडा शिंपडून व्हॅक्यूम करायचा सल्ला सगळीकडे दिला जातो. मी तो लोकरीला देत नाही. सोडा किंचित क्षारधर्मी असतो, लोकरीला क्षार मानवत नाही, आणि इतकी बारीक पूड दाट लवेच्या बुडातून पूर्ण निघत नाही. दमट हवेत तिचे खडे होतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ गालिच्यावर केलंत तर हरकत नाही.

आता पावसाळ्यातला वास. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी हवेतून शोषू शकते, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. म्हणून ‘ओला तर नाहीये, मग वास का येतो’ असं लोक म्हणतात. फरशी गार, वर गालिचा दाबून अंथरलेला, खालून हवा नाही. जुलैत मुंबई-ठाणे-कोकणात बुरशी धरायला एवढं पुरतं. गालिचा लोकरीचा असला तरी आतला ताणा-बाणा बहुधा सुती असतो आणि कुजतो तो सूतच. कुजलेला गालिचा वरून धड दिसतो, पण दुमडला की आतून वाळकी काटकी मोडल्यासारखा कट्कट् आवाज येतो. कुंड्या ठेवलेल्या जागी हे हमखास होतं, कारण बशीखाली किती पाणी झिरपतंय ते महिनोन्‌महिने दिसत नाही. गालिच्यावर कुंडी नको, बशी असली तरी नको.

माझं स्पष्ट मत असं की ठाण्यासारख्या ठिकाणी काश्मिरी गालिचा मेअखेरीस उचलून ठेवावा आणि दसऱ्याच्या सुमारास परत अंथरावा. तेवढे चार महिने सोलापुरी जमखाना किंवा सतरंजी घाला. सुती असते, घरी धुता येते, पंख्याखाली सुकते आणि बसायला छान लागते. नवी असेल तर रंग सुटतो का ते बघून पहिल्यांदा वेगळी धुवा.

ठेवताना आधी दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा. मग मेच्या कोरड्या दिवशी तासभर ऊन द्या, पण पाठीला. रंगीत बाजू खाली. गालिचा पूर्ण गार झाल्यावर लवेच्या दिशेने गुंडाळी करा, घडी कधीच घालू नका. आत जाड पुठ्ठ्याची नळी असेल तर उत्तम, कापडाच्या दुकानात मागितली की मिळते. वरून जुनी सुती चादर गुंडाळा आणि सुती नाडीने सैल बांधा. प्लास्टिक नको, आतली दमट हवा आतच कोंडते. गुंडाळी आडवी ठेवा, उभी केली की खालच्या काठावर भार येऊन गालिचा वाकडा होतो. श्रावणात ऊन पडलेल्या एखाद्या दिवशी उघडून, पंख्याखाली दोन-तीन तास पसरून परत गुंडाळा. उचलणं शक्यच नसेल तर निदान आठवड्यातून एकदा काठ वर करून खाली पंख्याचा वारा जाऊ द्या. एसीचा ‘ड्राय मोड’ यासाठी चांगला.

हे उघडून बघणं कसरीसाठीही लागतं. लोकर खाते ती अळी, उडणारा पतंग नव्हे, आणि तिला अंधार आणि निवांतपणा हवा असतो. सोफ्याखाली गेलेला गालिच्याचा भाग वर्षभर हलत नाही, तिथेच ती सापडते. तांदळाएवढ्या नळ्या, जाळीसारखा पातळ पापुद्रा, वाळूसारखी विष्ठा किंवा लव गेलेले टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसले तर समजून घ्या. व्हॅक्यूम, उजेड आणि हालचाल हाच तिच्यावरचा खरा उपाय. लवंग, कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण आधीच अंडी असतील तर त्यांचं त्याने काही होत नाही. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या घरात लहान मूल असताना अजिबात वापरू नका. गिळल्या तर विषारी आहेतच, शिवाय जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना नुसत्या वाफेनेही रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. लागण जास्त पसरली असेल तर गालिचा धुवायला द्या. सिंथेटिकला ही चिंता नाही.

आता तुमचा डाग. हळदीतला रंग क्षाराला लागला की लाल होतो, कुंकू करतात ते याच गुणावर. तुम्ही वापरलेला साबण क्षारधर्मी होता म्हणून पिवळ्याचा लाल झाला. घाबरू नका, हे उलटवता येतं. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग गार पाणी घ्या. आधी कोपऱ्यात, प्रत्येक रंगावर ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून रंग फडक्याला लागतो का ते बघा. लागत नसेल तर डागावर ते पाणी फडक्यानेच टिपत टिपत लावा, लाल परत पिवळ्याकडे जाईल. मग साध्या पाण्याच्या फडक्याने टिपा आणि कोरड्या टॉवेलने दाबून पाणी ओढून घ्या. राहिलेला पिवळेपणा उजेडाने जातो, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. बाकीचा गालिचा चादरीने झाकून फक्त डागाचा भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात काही दिवस अर्धा अर्धा तास ठेवा, आणि आजूबाजूचा मूळ रंग फिका पडत नाही ना यावर लक्ष ठेवा. दूधही सांडलेलं आहे, ते नीट निघालं नसेल तर दमट दिवशी आंबट वास येईल. त्यासाठी लोकरीच्या कपड्यांचं इझीसारखं लिक्विड अर्धा चमचा, लिटरभर गार पाण्यात घालून त्याच पद्धतीने टिपा. गरम पाणी नको, दूध, अंडं, रक्त गरमाने पक्कं बसतं.

रोजच्या कपड्यांची पावडर लोकरीवर कधीच टाकू नका. ती क्षारधर्मी असते, आणि बऱ्याच पावडरींत प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात. लोकर आणि रेशीम ही स्वतः प्रथिनंच आहेत, त्यामुळे डागाबरोबर धागाही खाल्ला जातो. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं.

कुठलाही डाग पडला की चोळायचं नाही. पांढरं सुती फडकं किंवा टिश्यू वर ठेवून दाबायचं, बाहेरून आत यायचं, फडकं बदलत राहायचं. चहा-कॉफीला गार पाणी आणि मग व्हिनेगरचं वर सांगितलेलं पाणी. समईचं तेल किंवा तूप सांडलं तर आधी कॉर्नफ्लोअर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा, पाणी त्यानंतर. कुंकू, गुलाल, रांगोळी हे सुकंच उचलायचं, थेंबभर पाणी लागलं तरी रंग उतरतो. मेण आणि च्युइंगमवर पिशवीत बर्फ ठेवून कडक करा आणि बोथट सुरीने तुकडे उचला. मुलाची शू असेल तर लगेच टिपून गार पाण्याने दोन-तीनदा टिपा. ती जुनी झाली की लोकरीचा रंगच बदलून टाकते आणि मग फार काही करता येत नाही. पानाच्या डागावर घरी प्रयोग नकोत, कातामुळे तो पक्का बसतो, सरळ जाणकाराला दाखवा. व्हिस्कोसवर मात्र या सगळ्यातलं फक्त कोरड्या फडक्याने टिपणं करा आणि थांबा.

गणपतीत मखरापुढे गालिचा अंथरायचा मोह होतो. फुलांचा रस, पंचामृत, निरांजनाचं तेल, उदबत्तीचं निखाऱ्यासारखं टोक, सगळं तिथेच पडतं. उदबत्तीने जळलेलं बारीक भोक रफू करता येतं, पण एकेक गाठ परत बांधावी लागते आणि रंग जुळवण्यात वेळ जातो. तिथे सतरंजीच बरी.

राहिलं धुणं. काश्मिरी गालिच्याला दरवर्षी धुवायची गरज नाही. धूळ नीट काढत असाल तर तीन-चार वर्षांनी एकदा पुरतं. लव तळव्याने दहा-बारा वेळा चोळा, तळवा काळा झाला तर धुवायची वेळ आली. घरी येऊन फेस करणारे फिरता ब्रश मारतात, वरचा थर उजळतो, पण साबण आणि चिखल तळाशी राहतो. राहिलेला साबण चिकट असतो, म्हणून दोन महिन्यांत गालिचा आधीपेक्षा मळका दिसायला लागतो. गाठीचा गालिचा धुवायचा तर तो घराबाहेर, पाणी वाहून जाईल अशा जागी, सगळा साबण निघेपर्यंत. त्यासाठी ऑक्टोबरचं ऊन किंवा त्यापुढची थंडी निवडा. जून ते सप्टेंबरमध्ये कुणीही कितीही सूट दिली तरी देऊ नका.

देण्याआधी चार गोष्टी विचारा. धुण्यापूर्वी सुकी माती कशी काढता? रंग सुटतो का ते आधी तपासता का? साबण कोणता, आणि झालर पांढरी करायला ब्लीच लावता का? सुकायला किती वेळ लागतो आणि कुठे सुकवता? ब्लीच लावतो म्हणाले तर गालिचा परत घेऊन या, वर्षभरात झालर गळते. सुकणं चोवीस तासांत व्हायला हवं, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. गालिचा घरी आला की लगेच अंथरू नका. पाठीला तळवा लावून बघा, मधल्या भागात गार लागला तर तो अजून ओला आहे. दोन खुर्च्यांच्या पाठींवर नको, मध्ये झोळ पडून आकार बिघडतो. फरशीवर विटा किंवा पाट मांडून, वर सुती चादर टाकून त्यावर पसरा आणि पंखा चालू ठेवा.

बेडरूमचा गालिचा व्हिस्कोसचाच निघाला, तर त्याला फक्त कमी पाण्याची सफाई करणाऱ्या आणि व्हिस्कोस हाताळलेल्या माणसाकडेच द्या. पाठीतून पूड पडायला लागली असेल तर त्यावर आता खर्च करू नका. असेल तितके दिवस वापरा, आणि पुढचा घेताना दुकानातच कोपरा उलटा करून पाठ बघा.